गाळलेला हुंकार

अर्धांगवायूनं आईची वाचा गेली, तेव्हापासून ती देवळ्याला थोरल्या मुलाच्या घरी पडून होती. शहरात गंगापूर रोडवरच्या कॉलेजात मल्टिमीडिया शिकवणारा धाकटा ज्ञानेश रोज संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉल करायचा, दिवसभराचं सगळं सांगायचा आणि शेवटी काकुळतीला यायचा, "आई, नुसतं हुं तरी म्हण गं!" पलीकडे चिडीचूप.

"वहिनी, आईला आता काही कळत नाही बहुतेक," एकदा तो म्हणाला.

"असं कसं म्हणता भाऊजी? तुमच्या शब्दाशब्दाला हुं हुं करायच्या त्या. तरी तुम्ही तेच मागायचे, मंग लय रडायच्या."

घरातला गलका नको म्हणून वहिनीच्या मोबाइलवर नॉइज कॅन्सलेशन ज्ञानेशनंच लावून दिलं होतं. शब्द नसलेला, एका सुरातला आवाज हा गोंगाट समजून यंत्र तो गाळून टाकतं, हे तो दरवर्षी वर्गात शिकवत होता.

त्यानं घाईघाईनं वहिनीला ते बंद करायला लावलं आणि हाक मारली, "आई!"

पंख्याची घरघर आली, गोठ्यातल्या गाईचं हंबरणंही आलं.



आईनं मात्र हुं म्हणणं कधीच सोडून दिलं होतं.