पहिली सुई

"दाब वाढवा, कुंदाताई! आत माझ्या मुलीचं रक्त वाहतंय," डॉ. तळवलकर ओरडले.

मशीनच्या सच्छिद्र पडद्यातून कृत्रिम रक्तातले, प्राणवायू वाहून नेणारे तेलाचे सूक्ष्म, एकसारखे थेंब सावकाश पिशवीत उतरत होते.

"अकरा मिनिटं लागतील," मशीन चालवणाऱ्या कुंदाताई म्हणाल्या. "घाई केली तर थेंब मोठे होतात आणि मेंदूच्या बारीक नसांत अडकतात."

डॉक्टरांनी स्वतःच दाबाची चावी फिरवली. पिशवी झरझर भरली.

रक्त ज्यानं बनवलं, त्या रक्ताची पहिली सुई त्याला, असा तिथला नियम होता. कुंदाताईंनी सुई उचलली. डॉक्टरांनी लगेच बाही वर सारली.

"टोचा."

"तुम्हाला टोचते. पण हेच तिला देऊ?"

डॉक्टरांनी बाही खाली ओढली. मग त्यांनी पिशवी कचऱ्यात टाकली आणि चावी मागे फिरवली.

दारातून नर्सनं विचारलं, "अजून किती वेळ?"

"अकरा मिनिटं," डॉक्टर म्हणाले.