चौथा विषय

जंगू गायता, त्याचा मुलगा रामाजी गायता, आणि रामाजीचा मुलगा लच्छू गायता. धानोऱ्याच्या जंगलातल्या त्या आदिवासी गावात गायता म्हणजे पुजारी; देवापुढे धानाची पहिली मूठ याच घराने टाकायची, असा मान. त्या लच्छूची मुलगी रंजीता दोन हजार तीनच्या जुलैत एका सकाळी गावातल्याच पत्रूच्या शेताच्या बांधावर उभी होती. एका हातात कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्यात चपला. गडचिरोलीची एसटी फाट्यावर यायला थोडाच अवकाश होता, आणि अकरावीला विषय कोणते घेणार हे कॉलेजात सांगण्याचा तो शेवटचा दिवस होता.

खाली बांधीत, चिखल केलेल्या त्या भातखाचरात, धानाच्या रोवणीसाठी बायांची रांग लागली होती. रांगेत एक जागा रिकामी ठेवलेली होती. ती रंजीताची.

तिची आई ज्या पावसाळ्यात वारली, त्या वर्षी गायत्याच्या साऱ्या बांध्या पत्रूच्या घरच्या बायांनी रोवून दिल्या होत्या. हाताची फेड हातानेच करायची, पैसा पुढे करणे हा अपमान, अशी तिथली रीत. ती फेड कधी तापाने, कधी शाळेने राहूनच गेली होती. यंदा पत्रूची सून बाळंतीण होती आणि त्याच्याकडे हात कमी होते.

"कालेजातले सर म्हनले, तीन घे," लच्छू मुलीला सांगत होता. "फिजिक्स, केमिस्ट्री, बायलॉजी. गणित सोड. मंग रोवणीभर शनवार-आयतवार घरी येता येते. चार घेतले त शनवारी बी प्रॅक्टिकल."

"बाबा, डाक्टरकीले बायलॉजी लागते, इंजिनेरीले गणित. मले सीईटी दोन्हीची द्याची हाये. कुठी नंबर लागन ते तवा पाहू. आताच काऊन सोडू?"

"आन् सर आखीन काय म्हनले, ते बी सांग आजीले."



तिची आजी सोमारी बांधावर छत्रीखाली बसली होती. नवरा रामाजी गायता झाला, त्या दिवसापासून तिने दुसऱ्याच्या बांधीत पाऊल टाकले नव्हते. गायत्याच्या घरची थोरली बाई बांधावर बसते, रांग वाकडी गेली की ओरडते, आणि तिचे ओरडणे गाव निमूट ऐकून घेते.

"बोल वो," ती म्हणाली.

"म्हनले, तुमच्यातल्या पोरीले तीन झेपले तरी लय झालं."

सोमारीने छत्री मिटली.

"आपल्या घराचे देव कितीक, लच्छू?"

"चार, माय."

"नव्या धानाचा भात कितीक पानांवर वाढतो?"

"चार."

"कोन्या देवाले कधी म्हनलं का, यंदा तू राहू दे, आमाले तीनच झेपते?"

"देवाचं अलग हाये, माय. म्या पत्रूले हात कबूल केला. पोरगी गेली त गायत्याचा शब्द खाली पडन. तिच्या जागी कोन उतरन? तू?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसले.

सोमारी उठली. मिटलेली छत्री तिने लच्छूच्या हातात दिली, लुगड्याचा काचा वर खोचला आणि बांधाच्या कडेशी आली. पत्रू धावतच पुढे झाला.

"बाई, नोका उतरू! मले पाप लागन!"

"तुले कायचं पाप गा? पेंडी दे इकडे."

पोटरीभर चिखलात ती उतरली. गुडघ्यांत जे काही झाले, ते तिने चेहऱ्यावर येऊ दिले नाही. रिकाम्या जागेवर उभी राहून तिने रोपांची पेंडी सोडली आणि मान वर करून नातीकडे पाहिले.

"तू काऊन उभी राह्यली वो? एसटी का तुया बापाची हाये, थांबाले?"

रंजीता बांधावरून पळत सुटली.

"सराले सांगजो," मागून सोमारीचा आवाज साऱ्या शिवारात गेला, "चार!"

मग ती वाकली. इतकी वर्षे जिने गावाच्या रांगा सरळ करून घेतल्या, तिचीच ओळ त्या दिवशी भरकटली. शेजारी रोवणारी पत्रूची धाकटी बहीण सुकरी हसू दाबून म्हणाली, "आजी, वाकडं जाऊन राह्यलं."

"जाऊ दे. धान सरळच येते."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उतरली, आणि तिसऱ्याही. लच्छू रोज छत्री घेऊन यायचा आणि रोज ती त्याला छत्रीसकट परत पाठवायची. पत्रूची एक बांधी संपली, दुसरी संपली. पाऊस कोसळत होता, उघडत होता. सोमारीची जागा एकाही दिवशी रिकामी राहिली नाही.

रोवणी आटोपली त्या दुपारी शेवटची पेंडी तिनेच मागून घेतली आणि तिच्यातले शेवटचे रोप कोपऱ्यात रोवले. कंबर सरळ करायला तिला बराच वेळ लागला. हात पुढे करायची कोणाची छाती झाली नाही.

पत्रूने हात जोडले. "फिटलं, बाई," तो हळूच म्हणाला. "तुमच्या घराकडे आता एका दिसाचा बी हात राह्यला नाई."

"जोरानं बोल गा," सोमारी म्हणाली. "लच्छू पल्याडच्या बांधावर हाये."