सांग आईला
चौथीतल्या सेवगीची आई पालकभेटीला येऊन वर्गातल्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिला जर्मन येत नव्हतं, म्हणून लेनर्टबाईंचा प्रत्येक शब्द सेवगीच तुर्कीत सांगत होती. गणितात पोरगी पहिली, हे तिनं दोनदा सांगितलं. इथे जर्मनीत पाचवीपासून मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. विद्यापीठापर्यंत नेणारी शाळा मोजक्यांनाच मिळणार. “त्या शाळेसाठी मी तुझं नाव दिलेलं नाही,” बाई हसून म्हणाल्या. “तिथे तुझं जर्मन कमी पडेल. सांग आईला.”  सेवगीनं एक शब्दही न गाळता ते सांगितलं. आई ताडकन उठली. “अगं, मग इतका वेळ त्यांचं जर्मन मला कोण सांगतंय, ही खुर्ची? विचार त्यांना!” सेवगीनं तेही विचारलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. “पुढच्या पालकांनाही जर्मन येत नाही. तू इतकं छान सांगतेस, थांबशील?”