वीस पावलं

"साध्या लाकडी धनुष्याने वीस पावलांच्या आतूनच बाण मारायचा," कंपनीतल्या म्हाताऱ्या वॉल्टरने सगळा उन्हाळा उल्हासकडून एवढंच घोकून घेतलं होतं. "त्याच्या पलीकडून मारलास तर हरीण पटकन मरत नाही. दोन-दोन दिवस तडफडतं."

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात, पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात, उल्हासने पहिला बाण सोडला आणि हरीण झाडीत पसार झालं. मागून आलेल्या वॉल्टरने विचारलं, "किती पावलांवर होतं?"

"वीस," उल्हास म्हणाला.

वॉल्टरने वीस पावलं मोजली आणि गुडघ्यांवर बसून तिथलं पान न् पान उलटून पाहिलं. रक्ताचा एक थेंबही सापडला नाही. "नेम चुकला रे. चांगलंच झालं, हाल तरी झाले नाहीत त्याचे," म्हणत त्याने उल्हासच्या पाठीवर थाप मारली.

एडिसन गावातल्या घरी आल्यावर नेम चुकल्याचं ऐकून उल्हासच्या बायकोने, पद्मजाने, आधी देवापुढे साखर ठेवली. "वाचलं बिचारं," म्हणत तिने त्यातलीच चिमूटभर त्याच्या हातावर दिली. उल्हासने ती तोंडात टाकली.



हरीण पस्तीस पावलांवर होतं, आणि पोटात बाण घेऊन पळालं होतं.