मूळ मालक

आठ कवळ्या पोचवायला कवळीवाला सकाळी जिना उतरून खाली आला, तर गाडीच्या जागेवर पुढच्या चाकावरचं प्लास्टिकचं झाकण तेवढं पडलेलं होतं. गाडी नव्हती.

हातातला खोका त्याने जमिनीवर ठेवला. आठ म्हाताऱ्यांचे दात त्यात होते आणि दुपारच्या जेवणाआधी ते आठ दवाखान्यांत पोचायला हवे होते.

त्याने बायकोला हाक मारली. ती गॅलरीत आली आणि तिने खाली बघितलं.

"परत?" एवढंच ती म्हणाली.

परतच. चार वर्षांपूर्वी, जुन्या घरी राहत असताना, त्यांची पांढरी गाडी अशीच गेली होती. तिचा पत्ता कधी लागला नाही. मग त्याने हट्टाने त्याच बनावटीची, पण निळी, वापरलेली गाडी शोधून घेतली, कारण त्या डिकीत कवळ्यांचे ट्रे अगदी मापात बसायचे. आणि या खेपेला तो शहाणा झाला होता. रात्री किल्ली पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. बायको म्हणायची, माझ्या दागिन्यांनाही या घरात एवढा मान नाही.

"किल्लीला कोण विचारतंय आता?" तक्रार लिहून घेणारा पोलीस म्हणाला. "चाकावरचं झाकण काढायचं, दिव्याच्या मागची वायर पकडायची, यंत्र जोडायचं. गाडीला वाटतं मालकच आलाय. दोन मिनिटांचं काम!"

त्याच्या बोलण्यात चोराचं कौतुकच जास्त होतं. कवळीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सही करून तो निमूट बाहेर पडला.

पुढचे अडीच महिने त्याने खोका मांडीवर घेऊन बसने काढले. एकदा ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि खालच्या दातांचा एक संच दुभंगला. दोन दंतवैद्यांनी काम दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. विमा कंपनीचा माणूस तीनदा घरी आला आणि तिन्ही वेळा तेच विचारून गेला. तुम्ही कुठे होतात, किल्ली कुठे होती, घरात आणखी कोण असतं?

"चोर मोकळा आणि झडती माझी," कवळीवाला बायकोला म्हणाला. साठवलेलं सगळं त्या निळ्या गाडीत गेलं होतं. गाडी नाही तर विमा, आणि विमाही नाही तर वर्कशॉपला टाळं, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

आणि एक दिवस फोन आला. गाडी सापडली. अख्खी!

त्याचा जीव भांड्यात पडला. इस्त्रीचा शर्ट घालून तो पोलिसांच्या आवारात पोचला. गाडीवर भलताच नंबर होता, पण त्याने डिकी उघडली आणि कोपऱ्यात साच्यांच्या प्लास्टरची पांढरी पूड दिसली. त्याचे डोळेच भरून आले.

"माझीच," तो म्हणाला.

तिथल्या इन्स्पेक्टर बाईंनी हातातली फाइल मिटली. "वर चला. बोलायचंय."

वर गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. "हिच्या सांगाड्यावरचा नंबर कुणीतरी घासून वर दुसरा ठोकलाय. रंगही बदललाय. आम्ही खालचा नंबर काढून घेतला. तुम्ही विकत घेतलीत तेव्हाच ही चोरीची होती."

"पण माझ्याकडे कागद आहेत!"

"खोटे आहेत. विकणारा केव्हाच पसार झालाय. गाडी तुम्हाला देता येणार नाही. आणि गाडी तुमची नाही म्हटल्यावर विम्याचेही हात वर."

"मग कुणाला देणार?"

"मूळ मालकाला दिली असती. पण त्याने त्या वेळी भरपाई घेऊन गाडीवरचा हक्क विमा कंपनीला लिहून दिलाय. आता कंपनी न्यायला येईल." बाईंनी फाइलमधून एक कागद काढला. "तुम्ही आधी हे बघा."

"काय बघू?" त्याने कागद मागे सारला. "या महाशयांनी किल्ली कुठे ठेवली होती?"

"दाराजवळच्या खुंटीवर. चोरांनी बाहेर उभं राहून यंत्राने तिचा सिग्नल ओढला आणि गाडी उघडली."

"खुंटीवर! म्हणजे या बावळटाचा आळस, आणि रस्त्यावर यायचं मी!" त्याचा आवाज चढला. "वर सही ठोकून मोकळा झाला! जरा धीर धरला असता तर आज गाडी त्याच्याच नावावर असती. मी पाय धरले असते त्याचे, हप्त्याहप्त्याने परत घेतली असती. आयतं मिळालं की घेतलं, दुसऱ्याच्या पोटाचं याला काय!"

बाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "अशा वेळी माणूस सही करतो हो. कुणीही केली असती."

"मी नसती केली! नाव सांगा त्याचं. आत्ताच्या आत्ता जातो त्याच्या घरी. तोंडावर विचारतो."

बाईंनी कागद पुन्हा उचलला, त्याच्या बाजूने फिरवला आणि पुढ्यात ठेवला.

कवळीवाल्याने चष्मा लावला. गाडी पांढरी, तारीख चार वर्षांपूर्वीची, पत्ता त्याच्या जुन्या घराचा आणि खाली सही त्याची स्वतःची.