तक्रार पोचली आहे

पाणीखात्यात तक्रारीचे फोन घेता घेता तिची एकोणीस वर्षं गेली होती. "तुमची तक्रार वर पोचली आहे, जरा धीर धरा," हे वाक्य झोपेतसुद्धा तिच्याकडून चुकलं नसतं. वर कुणी ढुंकूनही बघत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक!

एक आजोबा मात्र रोज सकाळी फोन करून आपल्या कोरड्या नळाचं गाऱ्हाणं सांगायचे. एकदा न राहवून ती बोलून गेली, "आजोबा, खरं सांगते, माझ्या हातात काही नाही. कशाला रोज तोंडाची वाफ दवडता?"

"ते माहीत आहे गं पोरी," आजोबा हसले. "पण तू ऐकून तरी घेतेस."

आज नवऱ्याला दवाखान्यात बेशुद्ध पडून एकविसावा दिवस होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. थोरल्या जाऊबाई तिच्याजवळ सरकून म्हणाल्या, "तुझी हाक वर पोचली आहे गं. जरा धीर धर."

तिने घट्ट डोळे मिटले.

"देवा, तुझ्याही हातात काही नसेल, तर नसू दे. फोन तेवढा ठेवू नकोस."