पहिली आलेली जोडी

रविवारी दुपारी चारच्या सुमारास मोहाडीजवळच्या एका गावच्या शंकरपटात, बैलगाड्यांच्या शर्यतीत, भुपेंद्रने हाकलेली बैलजोडी पहिली आली. पाच वाजेपर्यंत भुपेंद्र मैदानावरून नाहीसा झाला होता.

प्रविण आधी घाबरला नाही. भंडाऱ्याच्या एका बालगृहात मुलांची काळजी घेणं ही त्याची नोकरी, आणि पोरं नाहीशी होणं हा त्या नोकरीचा भागच. तो पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. एवढ्या लोकांनी खांद्यावर उचललेला पोरगा लाजून बसला असेल कुठंतरी, चहाच्या टपरीमागे नाहीतर एखाद्या बैलबंडीखाली, असं त्याला वाटलं.

भुपेंद्र सतरा वर्षांचा. बाप वारला, आई दुसरं घर करून हैदराबादकडे गेली, आणि वर्षभर सांभाळून काकानं त्याला बालकल्याण समितीपुढे आणून उभं केलं. हे त्याचं तिसरं बालगृह. आल्या आल्या त्यानं टीव्ही फोडला, मग एका पोराचं नाक. प्रविणनं काय काय करून पाहिलं. कराटेच्या वर्गातून तो पळून आला. तबल्याच्या मास्तरांनीच हात जोडले. गणपतीत ढोल गळ्यात दिला तर त्यानं कातडं फाडून ठेवलं. शेवटी शाळेच्या दाखल्यासाठी त्याला मोहाडीला नेलं होतं, तेव्हा परतताना मोटारसायकल पंक्चर झाली ती तुलारामच्या गोठ्यासमोर. चाक निघून पुन्हा बसलं, तरी भुपेंद्र दावणीच्या दोन तरण्या बैलांपुढून उठेना.

तुलाराम पटाच्या जोड्या तयार करायचा. अधीक्षक मॅडमनी दर रविवारी पोराला गोठ्यात पाठवायची परवानगी दिली, ती शेण काढण्यापुरती आणि वैरण टाकण्यापुरती. पण त्याचा हात पाहून तुलारामनं कासरा दिला, प्रविणनं डोळेझाक केली, आणि पटात वय कोणी विचारलं नाही.

बैलांची नावं पाखऱ्या आणि मोगऱ्या. बालगृहात कोणाशी न बोलणारा पोरगा आता जेवताना शेजारच्याला सांगायचा, पाखऱ्याले पाणी दाखवलं तरी मोगऱ्या पेल्याशिवाय तो पेत नाही. मारामाऱ्या थांबल्या. झोप लागू लागली. मॅडम म्हणाल्या, त्याचा रविवार चुकवू नका, काही झालं तरी.

एकच गोष्ट प्रविणला खुपत होती. जोडी हरायची. सुटायची वाऱ्यासारखी आणि मधल्या झेंड्यापाशी सैल पडायची. प्रत्येक पटात तेच. "आली पाहा बालगृहाची मालगाडी," लोक हसायचे. भुपेंद्र छकडीवरून उतरून बैलांची तोंडं पुसायचा. हसणाऱ्यांकडे बघायचासुद्धा नाही.

प्रविण वाढला जवाहरनगरच्या आयुध कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. तिथं क्रीडादिन असायचा, पदकं असायची, धावायचं ते जिंकायला. या पोराला हरायचीच सवय लागली आहे, एकदा जिंकला की सुटेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्या सकाळी तो बोलून गेला.

"एकदा जिंकून दाखव, भूपेन. माझ्यासाठी."

भुपेंद्र पाखऱ्याच्या शिंगांना तेल लावत राहिला. मान वर न करता म्हणाला, "जिंकलंच पाहिजे काय, सर?"

"हो."

"बरं."

दुपारी मधल्या झेंड्यापाशी भुपेंद्र छकडीवर उभा राहून ओरडला. काय ओरडला ते कोणाला कळलं नाही. जोडी सैल पडली नाही.

तो टपरीमागे नव्हता. बंड्यांखालीही नव्हता. प्रविण मोहाच्या झाडाकडे गेला. जोडी तिथं बांधायचे. तिथं तुलाराम एकटाच कासरा गुंडाळत बसला होता. जोडी बालाघाटकडच्या व्यापाऱ्यानं घेतली होती. टेम्पो निघूनही गेला होता.

"विकली?" प्रविणनं विचारलं.

"नाही तं काय पूजा करू त्यायची? पटात पहिली आली का जोडी जाते, सर. माहं पोट हाय ते." मग तुलारामचा आवाज खाली आला. "म्या तं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं त्याले. जीव नको लावू, जिंकली का गेली. तुमाले नाही बोलला?"

प्रविणला मधला झेंडा आठवला. प्रत्येक पटातला.

त्या संध्याकाळीच पोलिसांत तक्रार दिली. वर्णनात काय लिहायचं म्हणून शिपायानं विचारलं, तेव्हा प्रविणनं उंची सांगितली, रंग सांगितला, शर्ट सांगितला. पोरगा कशामुळे गेला असेल, यावर तो म्हणाला, माझ्यामुळे. शिपायानं ते लिहून घेतलं नाही. काकाला फोन लावला, त्यानं आपल्याकडे आला नाही एवढं सांगून ठेवून दिला. तुमसरच्या स्टेशनावर, बसस्टँडवर, टेम्पोच्या वाटेवरच्या ढाब्यांवर प्रविण स्वतः जाऊन आला. टेम्पोवाल्यानं रस्त्यात कोणाला पाहिलं नव्हतं.

गुरुवारी व्यापाऱ्याचा तुलारामला फोन आला. चार वेळा पळवून पाहिली, जोडी अर्ध्यावर आपणहून उभी राहते. कासरा सैल सोडला तरी, चाबूक दाखवला तरी. कोणीतरी फार दिवस खपून ही खोड लावली आहे. चाल बिघडली तर माल परत, अशी सौद्यातच बोली होती.

शनिवारी पाखऱ्या आणि मोगऱ्या तुलारामच्या दावणीला परत आले. भुपेंद्रचा अजून पत्ता नाही.